छत्तीस होलचे स्टिकर आणि आठ ॲम्पिअर-तासांची बॅटरी

इंग्लंडमध्ये जुनी इलेक्ट्रिक गोल्फ ट्रॉली विकणाऱ्यांची एक विशिष्ट जात सध्या बोकाळली आहे. तिच्या तावडीत सापडून मी साडेतीनशे पौंड घालवले. फसवणुकीची ही पद्धत एकदा समजून घेतली तर ती ओळखणे अवघड नाही, आणि पैसे देण्यापूर्वी करता येण्याजोग्या साध्या तपासणीने ती उघडीही पडते, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

ज्यांना या वस्तूची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुण्या-मुंबईच्या गोल्फ क्लबांत बॅग वाहायला कॅडी मिळतो, त्यामुळे तिकडे या ट्रॉलीची गरज फारशी भासत नाही. इकडच्या सार्वजनिक मैदानांवर कॅडी नसतोच. अठरा होल, म्हणजे गोल्फचा एक पूर्ण डाव, खेळायचा तर आठ-दहा किलोमीटरची चाल, तीही चढउतारांची, आणि सोबत बारा-पंधरा किलोची बॅग. पाठीने किंवा गुडघ्यांनी तक्रार सुरू केली की माणूस मोटारीवर चालणाऱ्या तीनचाकी ट्रॉलीकडे वळतो. मोटोकॅडी, पॉवाकॅडी अशा इथल्या परिचित कंपन्यांची नवी ट्रॉली घ्यायची तर चारशे-पाचशे पौंडांपासून हजाराच्या पुढेपर्यंत खर्च येतो. या किमतीतला मोठा वाटा लिथियम बॅटरीचा असतो, कारण नुसती नवी बॅटरी घ्यायला गेले तरी दोनशे-तीनशे पौंड मोजावे लागतात. सांगाडा, चाके आणि मोटार वर्षानुवर्षे टिकतात, बॅटरी मात्र झिजते. त्यामुळे जुन्या ट्रॉलीची खरी किंमत तिच्या बॅटरीवर ठरते. नेमकी हीच वस्तू बंद खोक्यात असते आणि ते खोके उघडून पाहण्याची सोय गिऱ्हाइकाला नसते.

जाहिरातीत लिहिले होते की ट्रॉली विक्रेत्याच्या वडिलांची असून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचे खेळणे थांबले आहे, ती एकच हंगाम वापरली आहे आणि सोबत छत्तीस होल, म्हणजे दोन डाव, चालणारी लिथियम बॅटरी आहे. भेटीसाठी त्याने एका सुपरमार्केटचे वाहनतळ ठरवले. माणूस चाळिशीतला, बोलायला मवाळ. ट्रॉली स्वच्छ पुसलेली होती, घड्या घालून-उघडून त्याने दाखवली, सपाट डांबरावर ती वेगाने पळालीही. मग मी न विचारताच त्याने खिशातून व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर काढला, बॅटरीच्या कनेक्टरला लावला आणि 13.3 व्होल्टचा आकडा माझ्यासमोर धरून म्हणाला, की बघा, बॅटरी नव्यासारखी आहे. पैसे थेट बँक खात्यात पाठवावेत, कार्डाची सोय खासगी माणसाकडे कुठून असणार, असेही त्याने सहज बोलता बोलता सुचवले.

हा मीटरचा प्रयोग म्हणजे या धंद्यातली सर्वांत हुशार चाल आहे, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगायला हवे. बऱ्याच जुन्या ट्रॉलींत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. तिचा एक सेल 3.2 व्होल्टचा, असे चार सेल एकापुढे एक जोडले की 12.8 व्होल्ट होतात, आणि पूर्ण भरून थोडा वेळ ठेवलेली बॅटरी साधारण 13.3 व्होल्ट दाखवते. परंतु व्होल्टचा आकडा बॅटरीत किती वीज मावते याविषयी काहीच सांगत नाही. गच्चीवरची टाकी पाचशे लिटरची असो की दोन हजार लिटरची, पाण्याची पातळी त्याच उंचीवर असेल तर खालच्या नळाला दाब सारखाच येतो, तसाच हा प्रकार आहे. शिवाय या प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज ती बरीचशी रिकामी होईपर्यंत फारसा उतरत नाही आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे बॅटरी किती उरली ते दाखवणारा ट्रॉलीच्या दांड्यावरील दर्शकही बराच वेळ समाधानकारक दिसत राहतो. बॅटरीची क्षमता ॲम्पिअर-तासांत किंवा वॉट-तासांत मोजली जाते, आणि ती मोजायला वेळ लागतो. वाहनतळावरच्या दहा मिनिटांत ती कळणे शक्यच नसते आणि विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते.

मैदानावर पहिले नऊ होल काही जाणवले नाही. अकराव्या होलच्या चढावर ट्रॉली अचानक मरून पडली, दर्शकही काळा झाला. काही मिनिटांनी बटण दाबले तर पुन्हा सुरू झाली, चढाला लागताच पुन्हा बंद. याचे कारण नंतर समजले. चढावर मोटार जास्त प्रवाह ओढते, दमलेल्या बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, आणि सेलना इजा होऊ नये म्हणून आतले संरक्षक सर्किट पुरवठाच तोडते. भार गेला की व्होल्टेज थोडा सावरतो, म्हणून ट्रॉली पुन्हा जिवंत झाल्यासारखी वाटते. उरलेले होल मी ती ढकलत नेली. बंद पडलेली इलेक्ट्रिक ट्रॉली ढकलणे हे बॅग खांद्यावर घेण्यापेक्षाही वाईट, कारण मोटारीचे ओझे फुकटात वाहावे लागते.

बॅटरीवर 12.8 व्होल्ट, 22 ॲम्पिअर-तास असे छापील स्टिकर होते. सोबतचा चार्जर 4 ॲम्पिअरचा होता. या हिशेबाने पूर्ण रिकामी बॅटरी भरायला साडेपाच तास तरी लागायला हवेत. घरी येऊन चार्जिंगला लावली, तर चार्जरचा लाल दिवा दोन तासांच्या आत हिरवा झाला. चार ॲम्पिअर गुणिले दोन तास म्हणजे आठ ॲम्पिअर-तास. याहून जास्त वीज त्या बॅटरीत शिरलीच नव्हती. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती ठेवली. या क्षमतेची बॅटरी साधारण अडीच ते तीन किलोची असते, हिचे वजन जेमतेम दीड किलो भरले.

लिथियम बॅटरी स्वतः उघडणे धोक्याचे असते, कारण चुकून शॉर्ट झाली तर पेट घेण्याची भीती असते, म्हणून मी ती ट्रॉली दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने झाकण काढले तेव्हा मोठ्या बॅटरीच्या कवचात लहान सेलचा एक जुडगा एका कोपऱ्यात बसवलेला आणि उरलेली पोकळी फोमच्या तुकड्यांनी भरलेली दिसली. सेल नवे नव्हतेच. त्यांच्या टोकांवर आधीच्या वेल्डिंगचे डाग होते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी बॅटरीतून उपटून ते इथे जोडले होते. कवच अस्सल होते, बाहेरचे स्टिकर मात्र छापून चिकटवलेले, आणि त्यावरचा अनुक्रमांक ट्रॉलीच्या कंपनीच्या पद्धतीचा नसल्याचे कारागिराने पाहताक्षणी सांगितले.

त्यानंतर मी त्या विक्रेत्याच्या बाकीच्या जाहिराती शोधून वाचल्या. कुठे वडील, कुठे सासरे, कुठे परदेशी बदली झालेला भाऊ, ट्रॉली वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण जवळजवळ प्रत्येक फोटोत मागे त्याच गॅरेजचे तेच निळे शटर. हा गृहस्थ सरळसरळ व्यापारी होता. खासगी माणसाचा वेश त्याने का घेतला, याचे उत्तर इथल्या कायद्यात आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार समाधानकारक दर्जाची, कामास योग्य आणि वर्णनाबरहुकूम असावी लागते. सदोष निघाली तर तीस दिवसांच्या आत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. खासगी विक्रीत हे संरक्षण बरेच आटते, वस्तू वर्णनाप्रमाणे असली की झाले. व्यापारी असून खासगी विक्रेता असल्याचा आव आणणे बेकायदा आहे, परंतु तसे सिद्ध करण्याचा भार अखेर गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडतो. मी त्या सर्व जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. हे लगेच करावे, कारण तक्रारीचा वास लागताच त्या गायब झाल्या.

बँकेचा अनुभव याहून शिकवणारा होता. ऑक्टोबर 2024 पासून इथल्या बँकांना भामट्यांच्या सांगण्यावरून पाठवलेले पैसे बहुतेक प्रकरणांत भरून द्यावे लागतात. त्या नियमाच्या भरवशावर मी अर्ज केला. उत्तर आले, की वस्तू तुमच्या हातात पडली आहे, तक्रार तिच्या दर्जाविषयी आहे, त्यामुळे हा दोन पक्षांतला दिवाणी वाद आहे आणि तो या नियमात बसत नाही. काहीच न पाठवणाऱ्या भामट्यापेक्षा निकृष्ट वस्तू हाती देणारा भामटा अधिक सुरक्षित असतो, हे मला तेव्हा कळले. हीच रक्कम एखाद्या दुकानात क्रेडिट कार्डाने भरली असती तर 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 प्रमाणे शंभर पौंडांवरच्या खरेदीसाठी कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आले असते. विक्रेता बँक हस्तांतराचा आग्रह का धरतो, याचा उलगडा इथे होतो.

सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक मदतवाहिनीवर मी सारी हकीकत नोंदवली, ती तेथून ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक प्रशासनाच्या विभागाकडे जाते. विक्रेत्याला दाव्यापूर्वीची रीतसर नोटीस संदेशाने पाठवली. दहा हजार पौंडांपर्यंतच्या रकमेसाठी इथे स्मॉल क्लेम्सची, म्हणजे लहान रकमांच्या दिवाणी दाव्यांची, सोपी वाट आहे, पण दावा दाखल करायला प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे एक फोन क्रमांक आणि खात्यावरचे नाव एवढेच होते. बँक पत्ता देत नाही. फोन काही दिवसांतच बंद झाला. म्हणूनच जुनी ट्रॉली विक्रेत्याच्या घरी जाऊनच पाहावी, वाहनतळावर किंवा पेट्रोल पंपावर नव्हे. मूळ खरेदीची पावती मागावी, आणि त्या पावतीवरच्या अनुक्रमांकाची हमी आपल्या नावावर होईल का, हे कंपनीला फोन करून विचारावे. बॅटरी पूर्ण उतरवून माझ्यासमोर चार्जिंगला लावाल का, एवढा एकच प्रश्न आधी संदेशाने पाठवला तरी बरेच जण परत उत्तर देत नाहीत. त्यानंतर संशयास्पद वाटणाऱ्या दोन-तीन जाहिरातींना मी तो पाठवून पाहिला आहे.

पुण्याच्या एका मित्राने अशीच जुनी ट्रॉली इकडून आणायला सांगितली होती, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी एक जोड. प्रवासी विमानात 160 वॉट-तासांवरची सुटी लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही आणि अठरा होलची बॅटरी साधारण दोनशेच्या घरात असते. तेव्हा ‘विमानात चालते’ असे सांगून कोणी मोठी बॅटरी विकत असेल, तर एक तर ते विधान खोटे आहे किंवा स्टिकर तरी.

माझ्या ट्रॉलीचा सांगाडा धडधाकट असल्याने मी अधिकृत विक्रेत्याकडून नवी बॅटरी घेतली, या वेळी क्रेडिट कार्डाने आणि पावतीवर अनुक्रमांक लिहून घेऊन. दोन्ही रकमा मिळून हमीसकट नवी कोरी ट्रॉली आली असती. जुन्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात दिली, कारण लिथियम बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकली तर कचरागाडीत आग लागू शकते. स्टिकरचा आणि उघडलेल्या खोक्याचा फोटो मात्र मी तक्रारीच्या कागदांना जोडून ठेवला आहे.