नागपुरात जुनी गाडी घेताय? डिझेल की पेट्रोल, जरा हिशोब करून पाहा

समजा वर्धा रोडवरच्या एखाद्या डीलरकडे दोन डिझायर बाजूबाजूला उभ्या आहेत. दोन्ही २०१८ च्या, दोन्ही पांढऱ्या, एक पेट्रोल ५५ हजार किलोमीटर चाललेली अन दुसरी डिझेल, मीटरवर १ लाख १० हजार. भाव जवळपास सारखा. आता नवी होती तेव्हा डिझेलवाली लाखभरानं महाग होती, म्हणून आपल्याला वाटतं की वा, महागाची गाडी स्वस्तात भेटून राहिली, वरून मायलेज पण जास्त, मग विचार कशाला करायचा. पण भाव सारखा काऊन झाला हे आधी समजून घ्या. एक तं ती दुप्पट चालली आहे, अन दुसरं म्हणजे मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम, लागू झाला तेव्हा डिझेल बंदच केलं, फोक्सवॅगननं पण तेव्हाच सोडलं, होंडा २०२३ मध्ये बाहेर पडली. त्यामुळे छोट्या डिझेल गाड्यांचं गिऱ्हाईक शहरात आटलं आहे. गावाकडे, म्हणजे काटोल-उमरेड-वरोऱ्याकडे, अजूनही लोक डिझेलच मागतात, त्यामुळे विकताना अगदीच अडून बसणार नाही, पण आधीसारखी झटपट जाईल असंही नाही.

आता पैशाचं. हिशोबापुरतं पेट्रोल १०४ अन डिझेल ९१ रुपये धरू, तुमच्या पंपावर जो भाव असेल तो टाका. पेट्रोल डिझायर एसी लावून शहर-हायवे मिळून १५ देते असं धरा अन डिझेल २०. (कंपनीचे आकडे याच्यापेक्षा खूप वर आहेत, ते मे महिन्यात नागपुरात कोणी चालवून पाहावेत.) म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे साधारण ६.९० अन डिझेलचे ४.५५. फरक दोन रुपये चाळीस पैशाच्या आसपास.

महिन्याला ६०० किलोमीटर, म्हणजे घर ते ऑफिस अन रविवारी फुटाळा, एवढंच रनिंग असेल तर वर्षाला १७ हजार वाचतात. महिन्याला १००० असेल तर साडेअठ्ठावीस हजार. अन रोज बुटीबोरीला जाऊन येऊन वरून महिन्यातून एकदा चंद्रपूर नाहीतर अमरावती, असं करत १५०० पर्यंत जात असाल तर वर्षाला ४३ हजार वाचतात, अन हा पैसा खरंच खिशात दिसतो.

गंमत अशी आहे की डिझेलची बचत दर महिन्याला थोडी थोडी होते अन खर्च येतो तो एकदम येतो. पेट्रोलमध्ये काय जातं? प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडी साफ करा, फार तं क्लच. डिझेलमध्ये चार इंजेक्टर, नवा घेतला तर एकेक दहा हजाराच्या वर. हाय प्रेशर पंप आहे, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो आहे, धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर आहे, काही गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक आहे जे क्लचसोबत बदलायला सांगतात अन बिल पाहून माणूस खाली बसतो. सर्व्हिसला ऑइल पण जास्त लागतं, डिझेल फिल्टर वेगळा. म्हणजे ६०० किलोमीटरवाल्यानं वर्षाला १७ हजार वाचवले, त्यातले चार-पाच सर्व्हिसमध्ये गेले अन तिसऱ्या वर्षी टर्बो बसला की सगळा हिशोब शून्यावर. १५०० वाल्याला तोच टर्बो वर्षभराच्या बचतीत निघून जातो. माझं मत विचाराल तर जुनी डिझेल घेणाऱ्यानं पन्नास हजार बाजूला ठेवूनच घ्यावी, अन तेवढे ठेवणं जमत नसेल तर सरळ पेट्रोल पाहावी.

पण नुसतं किती चालते यावर हे ठरत नाही, कशी चालते हे जास्त महत्त्वाचं आहे, अन इथे बहुतेक लोक चुकतात. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर. ती काजळी अधूनमधून जाळावी लागते, अन त्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापला पाहिजे. म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, साठ-सत्तरच्या वर, चालली पाहिजे. आता मनीष नगरातून सीताबर्डीला जाणारा माणूस सिग्नल, गर्दी, परत सिग्नल, इंजिन जेमतेम गरम होते अन पार्किंग आलं. काजळी जाळायला कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडतो, तेवढ्यात चावी बंद. हे वारंवार झालं की ते न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. म्हणून बीएस-६ डिझेल पाहायला गेलात तर डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून पाहा. ऑइलची लेव्हल मॅक्सच्या खुणेच्या वर असेल अन बोटावर घेतलं तर पातळ लागून डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी आयुष्यभर धरमपेठ-सदर अशीच फिरली आहे. मीटर कितीही कमी दिसो. उलट कमी मीटरची बीएस-६ डिझेल म्हणजे मला तं जास्तच संशय येतो. डीपीएफ बदलायला निघालात तर लाखाच्या आसपासचं एस्टिमेट हातात येऊ शकतं. काही गॅरेजवाले म्हणतात काढून टाकू, सॉफ्टवेअर मारू, तर त्या भानगडीत पडू नका, ते कायद्यात बसत नाही अन असा जुगाड करून ठेवलेली गाडी तुमच्या गळ्यात पण येऊ शकते, म्हणून तेही विचारून घ्या.

तेच कोणी समृद्धी महामार्गानं महिन्यातून दोनदा संभाजीनगर, नाशिक करत असेल, तर डीपीएफ त्याला सहसा त्रास देणार नाही. सातशे एक किलोमीटरचा रस्ता, ना सिग्नल ना गर्दी, डिझेलसाठी याहून चांगलं काही नाही. एवढंच की लांब पळवून आल्यावर लगेच बंद करू नये, मिनिटभर आयडलवर राहू द्यावी, टर्बो थंड होतो.

म्हणून मला विचाराल तर हायवेवाल्यासाठी सगळ्यात बिनघोर माल म्हणजे २०१७ ते मार्च २०२० मधली बीएस-४, म्हणजे आधीच्या नियमाची, डिझेल. छोट्या इंजिनांत बहुतेक ठिकाणी डीपीएफची कटकट नाही. अन त्यात ते फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन, जे मारुतीनं डीडीआयएस नावानं स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, ब्रेझा सगळ्यात टाकलं, टाटानं झेस्टमध्ये टाकलं. टायमिंग चेन आहे, ती बेल्टसारखी ठरावीक काळानं बदलावी लागत नाही, पार्ट्स कुठंही भेटतात, अन विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या मेकॅनिकला ते उघडता येते. ह्युंदाईचं १.४ अन १.६ पण चांगलं. याउलट डस्टरचं १.५ डीसीआय, इकोस्पोर्टचं १.५ अन पोलोचं टीडीआय, यांना टायमिंग बेल्ट आहे. इंजिनं मस्त आहेत, चालवायला मजा, पण बेल्ट कधी बदलला याचं बिल दाखवता आलं नाही तर तो बदलायचा खर्च आजच किमतीतून कापून घ्या, कारण तुटला तर आतमध्ये व्हॉल्व अन पिस्टन एकमेकांवर आपटतात अन मग इंजिनच उतरवावं लागतं.

चालवायच्या अनुभवात फरक आहे, अन नागपूरच्या उन्हात तो जास्त जाणवतो. त्या डिझायरचंच पाहा, पेट्रोलला ८३ पीएस अन ११३ न्यूटन मीटर, डिझेलला पॉवर कमी, ७५, पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १९० न्यूटन मीटर अन तोही २००० आरपीएमलाच. ४५ डिग्रीत एसी फुल, पाच माणसं, डिक्कीत लग्नाचं सामान, असं रामटेककडे निघालात की पेट्रोलमध्ये ओव्हरटेकला गिअर टाकावाच लागतो, डिझेल नुसतं पाय दिला की निघते. शहरात मात्र २००० च्या खाली टर्बो जागा होत नाही, तिथे डिझेल सुस्त वाटते अन पेट्रोल गुळगुळीत. आवाजाचं काय, घरचे दोन दिवस बोलतात मग सवय होते.

पेट्रोल म्हणजे एकदम बिनधास्त असं पण नाही हं. आता पंपावर ई-२० येते, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, त्याआधीच्या बहुतेक नाहीत. मायलेज थोडं उतरतं, अन जुन्या गाडीत रबरी पाइप, सील, फ्युएल पंप यांच्यावर परिणाम होऊ शकतो. इथेनॉल ओलावा पण ओढून घेते, त्यामुळे महिना-महिना उभी राहणारी गाडी असेल तर टाकी अर्धी ठेवून पावसाळाभर सोडून देऊ नका. २०१२-१३ ची पेट्रोल घेत असाल तर टाकीपासून इंजिनापर्यंतचे पाइप गाडी वर उचलून बघा, तडकलेले किंवा ओले दिसले तर ते आधी. हा खर्च हजारांतला आहे, लाखातला नाही, तरी माहीत असावा. अन कोणी म्हणेल १.० टर्बो पेट्रोल घे, तर त्यात टर्बोचा खर्च डिझेलचा अन मायलेज पेट्रोलचं, शौक असेल तर घ्या.

सीएनजीचं लोक विचारतातच. पुण्या-मुंबईची सीएनजीची गणितं इथे जशीच्या तशी लावू नका, २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला शंभराच्या वर गेला होता ते विसरू नये. तुमच्या घराजवळ पंप आहे का, लाइन किती असते अन आजचा भाव काय हे पाहूनच त्यात पडा. बाहेरून किट लावलेली असेल तर आरसीवर नोंद पाहिजे, नाहीतर इन्शुरन्सवाले हात वर करतील.

गाडी पाहायला सकाळी जा अन डीलरला आधी सांगून ठेवा की चालू करून ठेवू नको. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड डिझेल एका झटक्यात चालू झाली पाहिजे. पहिल्या मिनिटात थोडा धूर चालेल, पण पांढरा धूर थांबतच नसेल तर इंजेक्टर, निळा दिसला तर ऑइल जळून राहिलं, टर्बो किंवा रिंगा. मग इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. झाकण जागेवर थरथरत राहिलं तर ठीक, उडून राहिलं अन खालून फस-फस धूर येऊन राहिला तर नमस्कार करून निघा. डिझेलचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही, ते बदलल्यावर काही दिवसातच काळं होते. पेट्रोलमध्ये मात्र डांबरासारखं घट्ट काळं ऑइल म्हणजे सर्व्हिस टाळलेली. दोन्हीत कूलंटच्या डब्यात बघा, रंगीत कूलंटऐवजी गंजाचं लाल पाणी असेल तर कोणीतरी नळाचं पाणी टाकत आलं आहे अन इथल्या उन्हाळ्यात असं इंजिन कधीतरी तापलं असणारच.

डिझेलमध्ये आणखी एक. ती कुठं चालली हे विचारा. खाणीवर, रस्त्याच्या साइटवर कंत्राटात लागलेल्या गाड्या नंतर धुवून-पॉलिश करून विकायला येतात. एअर फिल्टरच्या डब्यात बोट फिरवा, फिल्टरच्या आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनकडे, बारीक धूळ लागली तर ती धूळ टर्बोच्या पंख्यावरून गेलेली आहे. मीटर मागे केलेले पण डिझेलमध्येच जास्त सापडतात, म्हणून नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुन्या सर्व्हिसची हिस्टरी काढायला लावा अन किलोमीटर जुळवून पाहा.

तर थोडक्यात माझी वाटणी अशी. महिन्याला ७००-८०० च्या आत अन सगळं शहरातच, तर पेट्रोल, डिझेलचा विचारही नको. १२०० च्या वर अन त्यातलं अर्ध्याहून जास्त हायवेवर, तर डिझेल, जमलं तर २०१७-२० ची. मधल्या लोकांनी इंधन पाहू नये, समोर जी गाडी जास्त नीट ठेवलेली आहे ती घ्यावी. माझा कल पेट्रोलकडे राहील.

अन दिल्लीच्या गाड्यांबद्दल. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल अन १५ वर्षांवरच्या पेट्रोलवर बंदीचे आदेश आल्यापासून आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या पाण्याच्या भावात बाहेर निघतात अन त्यातल्या काही आपल्याकडेही येतात. आपल्याकडे तसा दहा वर्षांचा नियम नाही, पंधरा वर्षं चालते, पुढे फिटनेस अन पर्यावरण कर भरून रिन्यू होते, म्हणून डीलर सांगतो काही टेन्शन नाही. टेन्शन कागदाचं आहे. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, पाहिजे, ती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, अन इथे नंबर घेताना महाराष्ट्राचा टॅक्स परत भरावा लागतो. तो डिझेलला पेट्रोलपेक्षा २ टक्क्यांनी जास्त आहे, खाजगी गाडी दहा लाखाच्या आतली असेल तर पेट्रोल ११ अन डिझेल १३. गाडी जुनी असल्यामुळे वयाप्रमाणे कमी लागतो, पण लागतो. गिरीपेठच्या ऑफिसात किंवा तुमच्या हद्दीच्या आरटीओत आधी नेमका आकडा काढा, तो अन एजंटचे पैसे किमतीत मिळवा, अन मग नागपूरच्याच एमएच-३१ किंवा ४९ पासिंगच्या तसल्याच गाडीशी भाव लावून पाहा.