फुकट शिक्षणाची फी: जर्मनीतल्या एम.ए.च्या नावाने नागपुरात झालेली फसवणूक

विकसनशील देशांच्या राजकीय अर्थशास्त्रात परदेशी एम.ए. करायचं तर पहिलं नाव लंडनचं निघतं आणि तिथला खर्च ऐकला की घरचे जर्मनीकडे वळतात. कासेल विद्यापीठात 'ग्लोबल पोलिटिकल इकॉनॉमी अँड डेव्हलपमेंट' हा इंग्रजीतून शिकवला जाणारा चार सत्रांचा एम.ए. आहे. धरमपेठेतल्या एका सल्लागाराने याच अभ्यासक्रमाच्या नावावर एका विद्यार्थिनीच्या घरून 3 लाख 20 हजार रुपये उकळले. विद्यापीठाकडे तिचा अर्जच गेला नव्हता.

पैसे मागितले ते 'सीट पक्की करायला ट्यूशन फीचा पहिला हप्ता' म्हणून. कासेल हे हेसेन राज्यातलं सरकारी विद्यापीठ आहे, या एम.ए.ला तिथे ट्यूशन फीच नाही. दर सत्राला काहीशे युरोंची वर्गणी असते, तीही प्रवेश मिळाल्यावर नोंदणीच्या वेळी थेट विद्यापीठाकडे भरायची. 'आता जर्मनीत फी लागते' असं दलाल ठासून सांगतात, त्याला एक अर्धसत्य आधाराला आहे: बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतं. म्हणून विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे, सरकारी की खासगी, हे आधी बघा.

तिला दाखवलेलं प्रवेशपत्र म्हणजे एक पीडीएफ होती. लोगो हुबेहूब, पण पैसे भरायचं खातं नागपुरातल्या एका शाखेतलं, व्यक्तीच्या नावाचं बचत खातं. हे इतके महिने लक्षात आलं नाही, कारण अर्जासाठीचा ईमेल सल्लागारानेच उघडला होता आणि पासवर्ड त्याच्याकडेच होता. फसवणुकीचं मूळ इथे आहे. ईमेल आपला, मोबाइल नंबर आपला, पोर्टलचं लॉगिन आपलं असेल तर खोटं पत्र एक दिवसही टिकत नाही. अनेक जर्मन विद्यापीठं परदेशी अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला 30 युरो लागतात. पावती अर्जदाराच्या खात्यात दिसलीच पाहिजे.

एपीएस प्रमाणपत्राबद्दल, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याबद्दल, तिला 'ते नंतर बघू' असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे, शुल्क 18,000 रुपये, आणि हातात यायला अनेक आठवडे जाऊ शकतात. एपीएसचं नावही न काढता फीचा हप्ता मागणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं. त्याचे पैसे 'आमच्या खात्यात ठेवा, आम्ही दाखवतो' ही पुढची मागणी असते. वर्षाचे 11,904 युरो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरच राहतात आणि तिथे पोचल्यावर महिन्याला 992 असे त्यालाच मिळतात. मधल्या माणसाला त्यात जागाच नाही.

शिष्यवृत्तीचं आमिषही तपासून घ्या. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत 2022 मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. विदर्भातल्या शेतकऱ्यांवर अभ्यास करायचा आहे असं लिहून ही शिष्यवृत्ती 'नक्की मिळवून देतो' म्हणणाऱ्याने ते नियम वाचलेलेच नसतात. हा नियम अन्यायकारकच आहे, पण तो झाकून पैसे घेणं ही फसवणूक.

तिचं उद्देशपत्रही तयार साच्यातलं होतं: जागतिक करिअर, नेतृत्वगुण, वगैरे. या विषयात निवड समिती प्रश्न शोधते. राज्याने 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी का सुरू केली, तिचा फायदा कोणत्या शेतकऱ्याला झाला, तोटा कोणी सोसला, असा एखादा प्रश्न नीट मांडणारी दोन पानं कोणीही विकत देऊ शकत नाही.

पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच ती परत मिळण्याची आशा असते. यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचे निरोप, ती पीडीएफ, सगळं जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला पत्र खोटं असल्याचं ईमेलने लिहून मागा, तो पुरावा ठरतो. सल्लागाराने पावती दिली असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.