सुटे रेझिन घेताना मी कसा फसलो

१५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टच्या डिझेलवर चालणाऱ्या डबलडेकरची शेवटची फेरी झाली, तेव्हापासून त्या बसची १:४३ प्रमाणातली प्रतिकृती घरी बनवायचे माझ्या मनात होते. प्लॅस्टिक शीट कापून बसचा सांगाडा उभा राहिला, पण बाकड्यांपाशी काम अडले. या प्रमाणात दोन प्रवाशांचे बाकडे जेमतेम दोन सेंटीमीटर रुंद होते आणि मला तशी तीसहून अधिक हवी होती. एक बाकडे मन लावून कोरायचे, त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन (दोन द्रव घटक मिसळले की घट्ट होणारे प्लॅस्टिक) ओतून बाकीची काढायची, असे ठरले. त्या सामानाच्या खरेदीत माझे ७,४०० रुपये आणि एक अख्खा पावसाळा वाया गेला. हे काम घरी सुरू करू पाहणाऱ्या कोणावरही तशी वेळ येऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

दक्षिण मुंबईतल्या एका गाळ्यात विक्रेत्याने मला प्रात्यक्षिक करून दाखवले. कंपनीचे लेबल असलेल्या डब्यांतून त्याने दोन्ही घटक सारख्या वजनाने कपात घेतले आणि ढवळले. पारदर्शक द्रव बघता बघता दुधी झाला, कप हाताला गरम लागू लागला आणि दहा मिनिटांत एक टणक पांढरी चकती माझ्या तळहातावर आली. मी भारावून गेलो, हे मान्य करतो. मग त्याने आतून पाच किलोचा संच आणला. ते साधे पांढरे कॅन होते आणि त्यांवर मार्करने फक्त ए आणि बी लिहिलेले होते. माल तोच आहे, मोठ्या ड्रममधून काढून देतो म्हणून निम्म्या भावात पडतो, असे त्याने सांगितले. रेझिनचे ३,२०० आणि तशाच सुट्या सिलिकॉनचे १,४०० रुपये मी त्याच्या खासगी नंबरवर यूपीआयने पाठवले आणि बिल मागितले नाही.

घरी पहिलेच रेझिन ओतले, तर ते साच्याच्या तोंडातून फुगून बाहेर आले. साचा उघडून बाकडे मोडून पाहिले तेव्हा आत अनारशासारखी जाळी पडलेली होती. फोन केल्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, पावसाळा आहे. मुंबईच्या हवेत रेझिन फुगणारच. तुम्ही नवीन आहात, हात बसेल हळूहळू."

या उत्तरात तथ्य होते आणि म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवला. पॉलियुरेथेनच्या एका घटकात आयसोसायनेट असते आणि त्याचा पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. गादीचा फोम बनवताना हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात. दुसरा घटक, म्हणजे पॉलिऑल, हवेतला ओलावा शोषून घेतो. त्यामुळे दमट दिवशी काळजी घ्यावीच लागते, परंतु धड सीलबंद असलेला ताजा माल उघडून पाच मिनिटांत ओतला तर त्याची अशी जाळी होत नाही. ज्याचा कॅन आधीच अनेकदा उघडला गेला आहे आणि ज्यात पाणी मुरले आहे, तो माल मात्र कोरड्या खोलीतही फुगतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी स्वतःलाच दोष देत राहिलो आणि त्याच्याच सांगण्यावरून २,८०० रुपयांचा जुना व्हॅक्यूम पंप घेतला. ढवळताना शिरलेली हवा पंपाने निघते. रासायनिक क्रियेतून सतत तयार होणारा वायू त्याने थांबत नाही, उलट निर्वातात तो फेस आणखी फुगतो, आणि नेमके तेच झाले.

त्यातच चौथ्या बाकड्याला साचा फाटला. आमच्या चाळीतले एक काका लालबागला गणपतीच्या कारखान्यात साचेकाम करतात, त्यांना मी तो दाखवला. त्यांनी साचा दोन बोटांत पिळला, बोटे एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "ह्यात तेल मारलंय रे. रात्रभर वर्तमानपत्रावर ठेव आणि सकाळी बघ." सकाळी साच्याखालच्या कागदावर त्याच्याच आकाराचा तेलकट डाग पडला होता आणि पलीकडच्या पानावरची अक्षरे त्यातून दिसत होती. सिलिकॉन पातळ करण्यासाठी सिलिकॉन तेल वापरतात, पण वजन वाढवण्यासाठी ते भरमसाट घातले की रबराची ताकद जाते आणि तेल पाझरत राहते.

त्यानंतर मी दुसऱ्या दुकानातून अर्धा किलोचा सीलबंद संच पक्क्या बिलावर आणला. बाहेर पाऊस पडत असताना, एकाच टेबलावर, दोन पारदर्शक कपांत दोन्ही ठिकाणचे रेझिन सारख्या वजनाने मिसळले आणि पातळीवर मार्करने रेघ मारली. सीलबंद रेझिन रेघेवरच घट्ट झाले, तर कॅनमधले रेघेच्या बोटभर वर चढले. हीच परीक्षा दुकानात करायला लावा, आणि ती प्रात्यक्षिकाच्या डब्यातून न करता जो कॅन तुमच्या पिशवीत जाणार आहे, त्यातूनच करायला लावा. आयसोसायनेटच्या घटकात पांढरे कण किंवा काठावर साय दिसली, तर परीक्षेचीही गरज नाही. तो माल घेऊच नका. आवेष्टित मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या कॅनवर यातले काहीही नव्हते.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा अधिक राग आहे. आयसोसायनेटच्या वाफेने श्वसनमार्गाला कायमची ॲलर्जी जडू शकते आणि दमा होऊ शकतो. ही सूचना लेबलवर असते, म्हणून लेबल नसलेला कॅन विकणारा माणूस ती सूचनाही लपवतो. माझा सात वर्षांचा पुतण्या त्या खोलीत शेजारी बसून बघत होता. हे काम योग्य फिल्टरचा मास्क, नायट्राइल हातमोजे आणि उघड्या खिडक्यांशिवाय करू नये, आणि मुलांना तर जवळ फिरकूही देऊ नये.

दोन्ही कपांचे फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचे उत्तर आले, "कॅन तुम्ही घरी उघडलात, आता जबाबदारी तुमची." नंतर त्याने फोन घेणे बंद केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, तेव्हा पहिल्यांदा विचारले गेले ते बिल. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि त्याचे संदेश एवढेच आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. घट्ट झालेले दोन्ही कप, जाळी पडलेले बाकडे, फाटलेला साचा आणि डाग पडलेले वर्तमानपत्र मी एका खोक्यात तारखा लिहून ठेवले आहे. येत्या आठवड्यात अर्जासोबत त्यांचे फोटो जोडणार आहे.