‘नवीन साडेनऊ लाख, ही सव्वापाचला’ : एमएच पासिंगची गाडी दाखवून आम्हाला कसं फसवलं ते सगळं लिहितोय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जे कोण सेकंड हॅन्ड गाडी बघत असतील, खास करून एमएच ०९ नाहीतर एमएच १० (कोल्हापूर, सांगली) पासिंगची, त्यांनी अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. मोठं झालंय, पण यातला एक पण भाग गाळावा असं मला वाटत नाही कारण ज्याने आम्हाला फसवलं त्याने एकाच ठिकाणी नाही, तीन-चार ठिकाणी मिळून फसवलं आणि सुरुवात गाडीपासून नाही तर नव्या गाडीच्या किमतीपासून केली.

गाडी माझ्या मोठ्या भावाने घेतली. शेती आहे, उसाचं बिल आलेलं आणि थोडं सोसायटीत ठेवलेलं. आईला तपासणीला वरचेवर बेळगावला न्यावं लागतं, दरवेळी भाड्याची गाडी सांगायची म्हणजे परवडत नाही म्हणून दसरा-दिवाळीच्या मधे गाडी घ्यायचं ठरलं. २०२५ ची गोष्ट. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झालेली, छोट्या गाड्यांवर (चार मीटरच्या आतली लांबी, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत) आधी २८ टक्के आणि वर सेस होता तो सरळ १८ टक्के झाला, त्यामुळे शोरूममधे तोबा गर्दी. आम्ही नवीनच बघत होतो. मग एकाने या सेकंड हॅन्डवाल्याचं नाव सांगितलं, बेळगावातच हायवेकडेला पंचवीस-तीस गाड्या लावून बसलेला आहे, ऑफिस आहे, बोर्ड आहे. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

त्याची बोलायची पद्धत अशी की आधी गाडी दाखवलीच नाही. चहा मागवला, आणि भावाला म्हणाला, अण्णा, नव्याला साडेनऊ लाख मोजणार काय ओ तुम्ही? मोबाईलवर एका शोरूमचं कोटेशन दाखवलं. खरं कोटेशन, शिक्का वगैरे सगळं, फक्त वरची तारीख दिसत नव्हती. ते ऑगस्टचं होतं हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे जीएसटी कमी व्हायच्या आधीचा रेट, साडेसात लाख एक्स-शोरूम, त्यावर कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स, इन्शुरन्स, आणि वर एक्स्टेंडेड वॉरंटी, सीट कव्हर, मॅट, हँडलिंग चार्जेस असलं सगळं घालून साडेनऊपर्यंत नेलेलं. भाऊ म्हणाला, आता रेट उतरलेत की. तर लगेच, "उतरलेत ओ, पण कंपनीनं डिस्काउंट काढून घेतलाय न्हवं, शेवटी तेवढंच पडतंय, आणि वेटिंग दोन महिने". आता यातलं निम्मं खरं असतं म्हणून माणूस अडकतो. जीएसटी उतरल्यावर काही मॉडेलवरचे डिस्काउंट खरंच कमी झाले होते.

पण हिशोब करून बघा. साडेसात लाखाच्या गाडीत २९ टक्के टॅक्स धरलेला होता, तो १८ वर आला म्हणजे तीच गाडी सहा लाख पंच्याऐंशीच्या आसपास येते. कर्नाटकात पाच ते दहा लाखाच्या गाडीला १४ टक्के लाइफटाइम टॅक्स आणि त्या टॅक्सवर सेस, म्हणजे एक लाख पाच-सहा हजार. इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, फास्टॅग मिळून पंचेचाळीस हजार धरा. झाले आठ लाख पस्तीस. त्या महिन्यात दुसऱ्या एका शोरूमने कॅश डिस्काउंट आणि बाकी ऑफर मिळून पंचेचाळीस हजार सोडायची तयारी दाखवलेली, मागच्या महिन्यांचा स्टॉक होता म्हणून. म्हणजे सात लाख नव्वद. साडेनऊ कुठे आणि सात नव्वद कुठे. शोरूमवाले पण काही साधे नसतात, हँडलिंग चार्जेस कायद्याने द्यावे लागत नाहीत, इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, आणि "अपटू" एवढा डिस्काउंट म्हणतात त्यात एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट बोनस सगळं मिळवलेलं असतं जे तुमच्याकडे जुनी गाडी किंवा तसली नोकरी नसेल तर मिळतच नाही. पण तिथे निदान कागदावर आकडा लिहून मिळतो.

मग गाडी दाखवली. २०२१ चं मॉडेल, एमएच ०९, मीटरवर अडतीस हजार, पांढरी, आतून चकाचक, नवीन सीट कव्हर, सुगंधी डबी डॅशबोर्डवर. पाच चाळीस सांगितले आणि सव्वापाचला आला. "चार लाख वाचलं की ओ अण्णा." सर्व्हिस हिस्ट्री मागितली तर प्रिंट काढून दिली, सगळी व्यवस्थित. एक मिस्त्री पण आणला आम्ही, त्याने इंजिन चालू करून, चालवून बघितली, इंजिन चांगलं आहे म्हणाला, आणि इंजिन चांगलंच होतं, ते बदललेलं होतं.

एमएच पासिंगचं विचारलं तर म्हणाला, एनओसी आहे, मी केए (कर्नाटक पासिंग) करून देतो, दहा-बारा हजार खर्च येतोय. हे धडधडीत खोटं. महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात कायमची चालवायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (फॉर्म २८) काढून इथे परत रजिस्ट्रेशन करावं लागतं, बारा महिन्याच्या आत, आणि इथला लाइफटाइम टॅक्स परत भरावा लागतो. गाडी जुनी असेल तसा कमी होतो पण आमच्या गाडीला आरटीओत विचारल्यावर पंचाहत्तर हजाराच्या घरात आकडा आला. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याचा अर्ज वेगळा, कागद वेगळे, आणि पहिल्या मालकाची साथ लागते. महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स आणि आपल्याकडे १४ आणि वर सेस, म्हणून तिकडच्या गाड्या मुळात स्वस्त दिसतात आणि सीमेवरचे दलाल नेमकं हेच विकतात. शिनोळीला, कागलला, कोगनोळी नाक्यापलीकडे सगळ्यांचे पाहुणे आहेत, "पाहुण्याच्या नावावर राहू दे, कोण बघतंय" असं पण सांगतात. कुणी ऐकू नका. नंबरवर जी जुनी चलनं आहेत ती पण तुमच्याच गळ्यात येतात.

पैशाच्या वेळी अजून एक. सगळे चेकने किंवा आरटीजीएस करतो म्हणालो तर म्हणाला, पूर्ण बिल केलं तर सव्वापाच लाखावर १८ टक्के जीएसटी लागतोय, चौऱ्याण्णव हजार उगीच जातात, बाँडवर तीन लाख लिहू, बाकी कॅश द्या. हे नीट लक्षात ठेवा, सेकंड हॅन्ड गाडीवर जीएसटी पूर्ण किमतीवर लागत नाही, फक्त डीलरच्या मार्जिनवर लागतो, म्हणजे त्याने साडेचारला घेऊन सव्वापाचला विकली तर पाऊण लाखावर. जानेवारी २०२५ पासून हा रेट १८ टक्के झालाय आणि तेव्हापासून ही थाप सगळीकडे चालू आहे. त्याला सव्वादोन लाख कॅशमधे पाहिजे होते कारण नंतर भांडण झालं तर कागदावर तीनच दिसावेत. बाँड कन्नडमधे टाईप केलेला. आमच्याकडे कन्नड बोलतात सगळे, पण टाईप केलेला कायद्याचा कागद वाचून समजून घेणं वेगळं, त्याने वाचून दाखवताना किंमत, नंबर, तारीख एवढंच वाचलं. त्यात "आहे त्या स्थितीत, पुढे तक्रार चालणार नाही" असं वाक्य होतं ते वकिलाने नंतर मराठीत सांगितलं तेव्हा भाऊ किती वेळ बोललाच नाही. त्या माणसाने आईच्या तब्येतीची चौकशी करत करत हे केलं, याचा मला अजून संताप येतो.

महिनाभर गाडी बरी चालली. मग एअरबॅगची लाईट लागायला लागली, पॉवर विंडो कधी चालायची कधी नाही, आणि एका रविवारी चोर्ला घाटात गाडी बंद पडली ती पडलीच. टो करून बेळगावात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी चासी नंबर टाकला आणि स्क्रीन भावाकडे वळवली. २०२३ मधेच गाडीचं रनिंग एकसष्ट हजार नोंदलेलं. आम्हाला दिलेली प्रिंट पूर्ण बनावट. आणि २०२१ च्या जुलैमधे एक नोंद : पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, इन्शुरन्स क्लेम.

२०१९ आणि २०२१ चा पूर आपल्या भागात कोण विसरलंय? यमगर्णीजवळ हायवेवर वेदगंगेचं पाणी, कोल्हापूरकडची वाहतूक बंद. तिकडे पार्किंगमधे उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला की इन्शुरन्स कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडीचा सांगाडा लिलावात विकते. तिथून त्या गाड्या गॅरेजवाल्यांकडे जातात, धुऊन-पुसून, इंजिन बदलून परत रस्त्यावर येतात. वहिनीचं माहेर कागलकडे, तिच्या भावाने आरसीवरच्या गावावरून मूळ मालकाला शोधून काढलं. सज्जन माणूस. तो फोनवर म्हणाला, "अहो, ती गाडी पुरात गेली, कंपनीने मला पैसे दिले, मी समजत होतो भंगारात गेली." गाडी अजून त्याच्याच नावावर! त्याने तेव्हा सह्या केलेल्या कोऱ्या टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०) गाडी चार वर्षं हातोहात फिरली. अपघात झाला असता तर त्याला कोर्टात उभं राहावं लागलं असतं, कारण नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे गाडी विकणाऱ्यांनी पण नाव बदलल्याची आरसी बघितल्याशिवाय गप्प बसू नका. आणि ती एनओसी? झेरॉक्स होती, दुसऱ्याच गाडीची, नंबर खोडून केलेली.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाने बुडालेली गाडी कशी ओळखायची ते दाखवलं, तेच इथे सांगतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, खालच्या टोकाला चिखलाची रेघ असते, कव्हर बदलणारे बेल्ट बदलत नाहीत. पुढची सीट मागे सारून खालच्या पट्ट्यांवर आणि नटबोल्टवर गंज बघायचा. स्टेपनी काढून तिच्या खाली हात फिरवायचा, आमच्या गाडीत तिथे बारीक गाळ सापडला, चार वर्षांनी पण. फ्यूज बॉक्समधे वायरीच्या टोकांना हिरवट बुरशीसारखं असतं. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगची लाईट आधी लागून मग विझली पाहिजे, लागतच नसेल तर बल्बच काढलेला असतो. नुसता इंजिनचा मिस्त्री नेऊ नका, इलेक्ट्रिकचं काम करणारा पण न्या. सर्व्हिस हिस्ट्री विकणाऱ्याने दिलेली चालत नाही, आरसी घेऊन स्वतः कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. जुनी इन्शुरन्स पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती ते बघा, एकाच मालकाकडे चार वर्षं असलेल्या गाडीला शून्य असेल तर क्लेम झालेला असू शकतो, कारण विचारा. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की कितवा मालक, कर्ज आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत हे दिसतं. आणि डीलरला आता आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट लागतं, २०२२ च्या डिसेंबरमधे नियम आला आणि एप्रिल २०२३ पासून लागू आहे, ते दाखवा म्हणायचं. आमच्यावाल्याकडे नव्हतं.

आता खरा हिशोब सांगतो जो त्या दिवशी त्याने होऊच दिला नाही. सव्वापाच लाख, इथला टॅक्स पंचाहत्तर हजार, ट्रान्सफर आणि एजंट दहा, इन्शुरन्स पंधरा, चार टायर वीस. सहा लाख पंचेचाळीस. नवीन सात नव्वदला. गाडी जरी निर्मळ असती तरी फरक दीड लाखसुद्धा नाही, चार लाख तर सोडाच, आणि त्यात नव्याला कंपनीची वॉरंटी. कर्ज काढणार असाल तर अजून बघा, नव्या गाडीला ९ टक्क्याच्या आसपास मिळतं, जुन्याला १४ पर्यंत जातं, चार लाखाला पाच वर्षात साठ हजाराचा फरक पडतो. आमच्या गाडीचं वायरिंग आणि एअरबॅगचं एस्टिमेट एक लाख साठ हजार आलंय.

माझं म्हणणं सेकंड हॅन्ड घेऊच नका असं नाही. ओळखीच्या माणसाची, केए २२ किंवा केए २३ पासिंगची, एकाच मालकाची चांगली गाडी मिळाली तर जरूर घ्या. पण नव्या गाडीचा आकडा जुनी विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नका, त्या आठवड्याचं कोटेशन शोरूममधून स्वतः घ्या, डिस्काउंट वजा करून, सहीसकट.

पोलिसात फसवणुकीची तक्रार दिली आहे. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात पण केस टाकतोय, तिथे पाच लाखापर्यंतच्या मोबदल्याला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ज्यांची अशी फसवणूक झाली असेल त्यांनी गाडी दुरुस्त करायच्या आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी रिपोर्ट घ्या, गाळाचे, गंजाचे फोटो काढा, दलालाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि कॉल रेकॉर्ड पुसू नका, कॅश दिली असेल तर त्याच दिवशी बँकेतून काढल्याची नोंद पासबुकात असते ती जपून ठेवा. आमच्या वकिलाने पहिल्यांदा तीच मागितली.