खपली टाकायची का सरबती? रानगवताच्या रक्ताची भीती बाजूला ठेवून बघा

सोयाबीन निघालं की कोरेगाव, वाळवा, तासगाव पट्ट्यात एकच चर्चा, जुना टरफलवाला खपली गहू टाकायचा का सरबती, म्हणजे नेहमीचा चपातीचा गहू. यंदा त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज फिरतोय, सुधारित गव्हात रानगवताचं रक्त घातलंय म्हणून तो भेसळीचा आणि खपली तेवढी शुद्ध. एकरभर रानाचा निर्णय त्या मेसेजवर घेणार असाल तर जरा दम धरा.

रानगवत घातलंय हे बऱ्याच जातींत खरंच आहे. पण मग शुद्ध कोण? खपलीत २८ गुणसूत्रं, ती मुळात दोन रानगवतांच्या संकरातून आलेली. चपातीच्या गव्हात ४२, कारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी खपलीच्याच घराण्यातल्या गव्हाचा इजिलॉप्स टॉशी नावाच्या गवताशी आपोआप संकर झाला. म्हणजे त्या हिशोबानं दोघंही गवताचीच लेकरं. हा दुसरा संकर फार मोजक्या वेळा घडला, त्यामुळे चपातीच्या गव्हाकडे रोगाशी लढायचं सामान कमी, आणि ते आणायला शास्त्रज्ञ परत रानात गेले.

आपल्याकडे खरा वैरी तांबेरा हा बुरशीचा रोग, पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा. त्याचे बीजाणू निलगिरी-पळणीच्या डोंगरांवर उन्हाळा काढतात आणि वाऱ्यावर इकडं येतात. आपल्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आहे, ते काय उगाच नाही. एलआर २४ आणि एसआर २४ ही तांबेऱ्याला अडवणारी जनुकं थायनोपायरम नावाच्या गवतातून आली, आणि निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या केंद्रानं ती सी ३०६ या जुन्या जातीत घालून एचडब्ल्यू २००४ हा गहू तयार केला.

आता हे करतात कसं, तर लोंबीतल्या एकेका फुलातले तीन पुंकेसर चिमट्यानं काढायचे, वर बटर पेपरची पिशवी, मग गवताचा पराग लावायचा. दाणा धरला तरी बहुतेक वेळा आतलं पीठ भरत नाही, म्हणून दोनेक आठवड्यांत कोवळा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवायचा. रोप आलं तर ते वांझ, मग कोल्चिसिन नावाचं रसायन देऊन गुणसूत्रं दुप्पट करायची, आणि पुढं सहा-सात पिढ्या परत परत गव्हाशीच संकर, कारण गवताबरोबर नको ते गुणपण येतात. गवतातल्या एलआर १९ या जनुकाबरोबर पीठ पिवळसर व्हायचं, राय या गव्हाच्या नात्यातल्या धान्याच्या गुणसूत्राचा तुकडा घेतलेल्या गव्हाची कणीक चिकट व्हायची. म्हणजे मेसेजवाल्याची शंका अगदीच हवेतली नव्हती, फक्त बी आपल्या हातात येईपर्यंत ही छाटणी झालेली असते. आणि हे कायम टिकतं असंही नाही, रायमधून आलेलं एसआर ३१ हे जनुक जगभर पसरलं आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी युगांडात सापडलेल्या युजी ९९ या काळ्या तांबेऱ्याच्या जातीनं ते फोडलं.

गंमत म्हणजे खपली स्वतःच अशी जनुकं देणारी आहे. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायला जगभर जो गव्हांचा संच वापरायचे त्यात ‘खपली’ नावानंच होती, आणि एसआर १३, एसआर १४ ही जनुकं तिच्याकडनंच चपातीच्या गव्हात गेली.

मग रानात काय टाकायचं? उताऱ्यात सरबतीच पुढं. पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ६४७८ कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी लावला, हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल मिळाला, आधी लोक-१ आणि एचडी २१८९ या जुन्या जातींवर २५ ते ३० चालायचं. एकरी धरलं तर १० ते १२ वरनं १८ ते २४. ११० दिवसांत निघतो, तांबेऱ्यालाही दाद देत नाही. घरी लोक-१ चंच बी वर्षानुवर्षं फिरवत असाल तर ते आधी बदला, खपलीचा विचार नंतर.

खपलीला भाव चांगला मिळतो, पण मळणीनंतर दाणा टरफलातच राहतो, सडून (कांडून टरफल काढून) घ्यावी लागते, आणि वजन टरफलासकट मोजलं की खूष होऊ नका. सडणारी गिरणी जवळ नसेल तर भाव कितीही असो, वाहतुकीत निम्मा जीव जातो. उंच गावठी खपली पाणी-खत जास्त झालं की लोळते, त्यापेक्षा बुटकी एमएसीएस २९७१ किंवा धारवाडची डीडीके १००९ बघा. खिरीला, पुरणपोळीला तिला तोड नाही. फक्त ‘ग्लूटेनच नाही’ म्हणून विकू नका, ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन तिच्यातही आहे, ते न सोसणाऱ्या सीलिॲक आजारवाल्याला चालत नाही.

माझं मत विचाराल तर गिऱ्हाईक ठरलेलं आणि गिरणी जवळ असेल तर अर्ध्या रानात खपली, बाकी सरबती. गिऱ्हाईक नसेल तर सगळी सरबती. दोन्हीचं बी घरचं ठेवता येतं, गहू स्वतःच्याच परागावर धरतो, मक्यासारखं दरवर्षी हायब्रिडची पिशवी फोडावी लागत नाही. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकली तर बरं, ऊस तुटायलाच डिसेंबर उजाडणार असेल तर दुकानदाराला उशिरा पेरणीची जात म्हणून स्पष्ट मागा.