अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या गावात जेवायचं कुठे? मीट-अँड-थ्री, बार्बेक्यू की कॅटफिश

अटलांटा, शार्लट किंवा डॅलसहून लाँग वीकेंडला निघून एखाद्या छोट्या गावात जेवायला थांबायचं ठरलं, की फोनवरचे तारे मोजण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: गाडीत कोण कोण आहे, आणि आज वार कोणता. चेन हॉटेलं सोडली तर तिथलं साधं, गावातल्या लोकांचं जेवण मुख्यतः तीन तऱ्हेच्या ठिकाणी मिळतं. दुपारची 'मीट-अँड-थ्री', धुराच्या वासाने लांबूनच कळणारं बार्बेक्यू, आणि तळलेल्या माशाचं कॅटफिश हाऊस. टेबलावर कागदी रुमाल, हॉट सॉसची बाटली आणि 'हनी' म्हणून हाक मारणारी वेट्रेस तिन्हीकडे सापडेल. ताटात मात्र इतका फरक, की भारतातून आलेल्या शाकाहारी आईबाबांना घेऊन चुकीच्या दारात शिरलात तर त्यांच्या वाट्याला कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि पांढरा ब्रेड येतो.

माझं मत आधीच सांगते. गाडीत सगळ्या तऱ्हेची माणसं असतील, वार सोमवार ते शुक्रवारमधला असेल आणि दुपारचे दोन वाजले नसतील, तर मीट-अँड-थ्री. बाकीचं सगळं जर-तर आहे.

मीट-अँड-थ्री म्हणजे एक मांसाचा पदार्थ, तीन 'भाज्या' आणि वर कॉर्नब्रेड (मक्याचा ब्रेड) किंवा बिस्किट, म्हणजे चहाबरोबरचं नव्हे, मऊ पावासारखं. हिशेब आपल्या राइस प्लेटसारखाच: ताटाची किंमत ठरलेली, आज काय आहे ते फळ्यावर लिहिलेलं, आणि साधारण 10 ते 15 डॉलरमध्ये माणूस पोटभर जेवतो. भाज्यांच्या यादीत मॅकरोनी अँड चीजही असतं आणि त्याचं तिथे कुणाला काही वाटत नाही. पण त्याच यादीत तळलेली भेंडी असते, चवळी असते, बटर बीन्स नावाने आपली डबल बी असते, रताळी, मक्याचे दाणे, सलगमचा पाला, कॉलर्ड नावाची जाड पानांची पालेभाजी. हे ताट आपल्याला ओळखीचं वाटतं त्यामागे इतिहास आहे. भेंडी आणि चवळी इथे आली ती आफ्रिकेतून, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या जहाजांबरोबर. दक्षिणेच्या स्वयंपाकाला वळण लावलं तेही मोठ्या प्रमाणावर काळ्या स्वयंपाकिणींनी. भेंडीला मक्याच्या पिठात घोळवून तळतात, त्यामुळे बुळबुळीतपणाचा प्रश्नच नाही. जेवण आपल्या मानाने अळणी आणि गोडसर. त्यावर उपाय टेबलावरच असतो: व्हिनेगरमध्ये मुरलेल्या हिरव्या मिरच्यांची बाटली. ती खरं तर पालेभाजीवर शिंपडायला ठेवतात, आपण सगळ्यावर शिंपडावी.

गोमांस न खाणाऱ्यांनी एक नाव पाठ करून ठेवावं. 'चिकन-फ्राइड स्टेक' यात चिकन नसतं. ते चिकनसारखं तळलेलं बीफ असतं. मीटलोफ, म्हणजे खिम्याची भाजलेली वडी, हीही बहुधा बीफचीच. शंका असेल तर सरळ फ्राइड चिकन घ्यावं, आणि तसंही ते ताज्या तळणीचं असेल तर दुसरं काही घेण्यात अर्थ नाही.

आता शाकाहारी मंडळी. 'व्हेजिटेबल प्लेट' हा पर्याय जवळजवळ प्रत्येक मीट-अँड-थ्रीमध्ये असतो: मांस वगळून नुसत्या तीन-चार भाज्या. नाव ऐकून हुरळून जाऊ नका. इथे पालेभाजी आणि शेंगभाज्या डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा चरबी घालून तासन्‌तास शिजवायची जुनी पद्धत आहे. त्यातली मेख अशी, की "यात मीट आहे का?" असं विचारलंत तर प्रामाणिकपणे "नाही" असं उत्तर येऊ शकतं. कारण तिथल्या हिशेबी ते मांस नसून चवीची फोडणी आहे. विचारायचं ते असं: "हे पोर्क, बेकन किंवा त्याची चरबी घालून शिजवलंय का?" मग खरी यादी मिळते. त्यात बहुधा मॅकरोनी, कोलस्लॉ, टोमॅटोच्या चकत्या आणि ग्रेव्हीशिवाय मॅश्ड पोटॅटो टिकतात. भेंडी टिकते, पण ती चिकनच्याच तेलात तळलेली असू शकते. कॉर्नब्रेडच्या तव्याला बेकनची चरबी आणि बिस्किटात लार्ड (डुकराची चरबी) असण्याची शक्यता असतेच. रताळ्यावर मार्शमेलो असतील तर त्यात जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनच केलेलं. 'ड्रेसिंग' या नावाने मिळणारा कॉर्नब्रेडचा भाजलेला पदार्थ दिसायला निरुपद्रवी, पण त्यात सहसा चिकनचं पाणी असतं. हल्ली काही ठिकाणी पोर्कऐवजी स्मोक्ड टर्की घालतात. पोर्क न खाणाऱ्यांची त्याने सोय होते, शाकाहाऱ्यांची नाही. एवढी चौकशी नको वाटत असेल तर सकाळचा नाश्ता गाठावा: अंडी चालत असतील तर अंडी, टोस्ट आणि ग्रिट्स. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, लोणी घातलेल्या. वर मिरपूड आणि मीठ. आजीआजोबांना हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही.

बार्बेक्यूचं गणित वेगळं. तिथे भाजी हा जोडपदार्थ आहे आणि बीन्समध्येही मांसाचे तुकडे निघतात, तेव्हा शाकाहारी माणूस बरोबर असेल तर हा मोह टाळलेला बरा. मांस खाणाऱ्यांसाठी मात्र छोट्या गावात थांबण्याचं याहून चांगलं कारण नाही, कारण दर दोनशे मैलांवर चव बदलते. पूर्व नॉर्थ कॅरोलिनात अख्खं डुक्कर निखाऱ्यावर भाजून बारीक चिरतात आणि त्यावर नुसतं व्हिनेगर आणि मिरची. एडन गावातलं स्कायलाइट इन 1947 पासून हेच करतंय. त्याच राज्यात पश्चिमेकडे लेक्सिंग्टनला गेलात तर फक्त खांद्याचं मांस, आणि व्हिनेगरमध्ये थोडा केचप. साऊथ कॅरोलिनाच्या मध्यभागी मोहरीचा पिवळा सॉस. उत्तर अलाबामात डिकेटरच्या बिग बॉब गिब्सनकडे (सुरुवात 1925) धुरावर शिजलेलं चिकन मेयोनेजच्या पांढऱ्या, आंबट सॉसमध्ये बुडवून देतात. बीफ आणि पोर्क दोन्ही वर्ज्य असलेल्या मराठी घरांना मी हेच सुचवेन. टेक्ससमध्ये मात्र राज्य ब्रिस्केटचं, म्हणजे बीफचं. लॉकहार्टला मांस वजनावर घेऊन कागदावरच खातात, आणि तिथलं बिल मीट-अँड-थ्रीच्या दुप्पट सहज होतं. थोडक्यात, बीफ नको तर कॅरोलिना, पोर्क नको तर टेक्सस. नकाशाच तुमची निवड करतो. जॉर्जियात 'ब्रन्सविक स्ट्यू' आणि साऊथ कॅरोलिनात भातावर 'हॅश' दिसला तर दोन्ही मांसाचेच. या हॅशचा बटाट्याच्या हॅशब्राउनशी काही संबंध नाही.

बार्बेक्यूला अकरा-साडेअकराला पोहोचावं. मांस रात्रीपासून शिजत असतं. ते संपलं की दुकान बंद, मग दारावर वेळ काहीही लिहिलेली असो. अनेक ठिकाणं आठवड्यातले तीन-चार दिवसच उघडतात आणि रविवारी बरीचशी बंद असतात.

कॅटफिश हाऊसबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच त्याचं सुख आहे. मक्याच्या पिठात घोळवून तळलेला मासा, हशपपी नावाची मक्याची भजी, स्लॉ, फ्राइज. मिसिसिपीच्या डेल्टा भागात, बेलझोनीच्या आसपास, हा मासा तळ्यांत पाळला जातो. बांगड्या-सुरमईवर वाढलेल्या माणसाला तो सौम्य, जवळजवळ पनीरछाप वाटेल. फिले घेतलं तर काटा नाही, म्हणून मुलं आनंदाने खातात. मला विचाराल तर अख्खा मासा मागवावा, कडेला जास्त कुरकुरीत होतो. ही ठिकाणं बऱ्याचदा गुरुवार ते शनिवार संध्याकाळीच उघडी असतात, तेव्हा मुक्काम त्याच गावात असेल तरच जमतं.

"आपल्याकडे टक लावून बघतील का?" हा प्रश्न विचारला जातो, तर उत्तर देते. दार उघडल्यावर चार माना वळतात, मग वेट्रेस कुठून आलात विचारते, आणि गोड चहा की बिनसाखरेचा यावर विषय येतो. नुसतं 'टी' म्हणालात तर बर्फ घातलेला, पाकासारखा गोड येईल. 'अनस्वीट' म्हणायचं. पण त्या दारातून कुणालाही आत जाऊन बसता येतं, यामागे एक बार्बेक्यूचाच खटला आहे. बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यूमध्ये काळ्या गिऱ्हाइकांना आत बसू देत नसत, फक्त बांधून नेता येई. मालकाचं म्हणणं, आमचं हॉटेल स्थानिक, वंशभेदाला मनाई करणारा संघराज्याचा कायदा आम्हाला लागू नाही. डिसेंबर 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लागू आहे: तुमच्याकडे शिजणारं मांस परराज्यातून येतं.

वेळ टळून गेली असेल, किंवा सगळेच कडक शाकाहारी असतील, तर छोट्या गावाचा हट्ट सोडून हायवेवरच्या चेनला जाण्यात कमीपणा नाही. वॉफल हाऊस चोवीस तास उघडं असतं. तिथे हॅशब्राउन कांदा, चीज, टोमॅटो आणि हालापेनो मिरची घालून मागवता येतं, मात्र तवा बेकनचाच. क्रॅकर बॅरलला भाज्यांचं ताट मिळतं, तिथेही पोर्कचा तोच प्रश्न विचारायचा.

रविवारी मीट-अँड-थ्री उघडं मिळालं तर बाराच्या आत बसा. चर्च सुटलं की अख्खं गाव तिथेच येतं, आणि मग तास तास रांग. बिल बहुधा दाराजवळच्या गल्ल्यावर भरायचं असतं, टिप टेबलावर ठेवायची. वीस टक्के ठेवावी. टिपवर काम करणाऱ्यांना मालकाने द्यायची संघराज्याची किमान मजुरी 1991 पासून तासाला 2.13 डॉलरच आहे, आणि दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तीच चालते.