डॉक्टरांच्या संघटनेचे सदस्यत्व : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी आमच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे सदस्यत्व घेतले, ते क्रेडिट तासांसाठी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांत सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे असे ३० तास दाखवावे लागतात आणि गुहागर तालुक्यातल्या खेड्यात दवाखाना सांभाळून ते जमवणे सोपे नाही. आता तासांचा विचार मागे पडला आहे. चिपळूणची मासिक बैठक मात्र मी चुकवत नाही.

व्याख्यान संपल्यावर सदस्य आपापले रुग्ण मांडतात, फसलेले उपचारही सांगतात, आणि बैठकीचा हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ऑगस्टमध्ये विषय सर्पदंशाचा होता. फुरसे चावल्यावर रुग्णाचे २ मिली रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग ते गोठले का हे पाहायचे, ही चाचणी मी वर्षानुवर्षे करत आलो आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टेबलावर दोन नळ्या ठेवल्या, एक नवी कोरडी आणि दुसरी साबणाच्या पावडरीने धुतलेली, आणि दोन्हींत स्वतःचेच रक्त घेतले. वीस मिनिटांनी नळ्या कलत्या केल्या, तेव्हा पहिलीतले रक्त तळाशी घट्ट बसले होते आणि दुसरीतले काचेवरून ओघळले. साबणाचा अंश राहिला किंवा नळी प्लॅस्टिकची असली, तर निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही आणि विष भिनले असे समजून प्रतिविष विनाकारण दिले जाऊ शकते. माझ्या दवाखान्यातल्या नळ्या पावडरीनेच धुतल्या जात होत्या. परत येतानाच मी नव्या घेऊन आलो.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांबाबत समाधान अर्धेच आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका आली, तर अहवालासाठी न थांबता उपचार सुरू करावेत, हे सांगणारे व्याख्यान मी दोनदा ऐकले आणि त्याचा उपयोग झाला. परंतु प्रत्येक व्याख्यान तासाहून मोठे असून कोणता मुद्दा कुठे आहे याची नोंद नसते, आणि पावसात वीज व नेटवर्क दोन्ही गेल्यावर ते उघडतही नाही. सोबत एका पानाचे टिपण दिले, तरी ते छापून भिंतीवर लावता येईल.

लेखी मजकूर मात्र बहुतांश शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो, याचे मला वाईट वाटते. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधाचा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि तो जगभर वाचला गेला, अशा मातीतल्या शाखेने आपल्या सदस्यांची निरीक्षणे लिहून घ्यायलाच हवीत.

पुढील वर्षाची वर्गणी मी भरली आहे. टिपणांची मागणी लेखी दिली असून, एप्रिलच्या बैठकीत विंचूदंशाचा एक रुग्ण मांडण्यासाठी माझे नावही नोंदवले आहे.